शेवटी देऊळ पडायलाच हवं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गुप्तधन शोधणाऱ्या सिनेमांवर लेख आला होता तो वाचला. छान आहे, पण लेखकाने सगळा राग नकाशे, सापळे आणि शाप यांच्यावर काढलाय ते काही पटलं नाही. अहो सापळेच नसतील तर बघायचं काय! माझी तक्रार वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर ती माझी पण नाही, माझ्या नऊ वर्षांच्या भाचीची आहे. सुट्टीत आम्ही दोघं इंडियाना जोन्सचा १९८९ चा तिसरा भाग बघत बसलो होतो. शेवटी जमीन दुभंगते, खांब पडतात, आपली मंडळी घोड्यावर बसून मावळत्या सूर्याकडे निघून जातात, म्युझिक वाजतं, मी खूश. आणि ही बया विचारते, "मामा, ते देऊळ पडलं त्याचं काय? त्यात अजून काय काय होतं ते कुणी नीट बघितलंच नाही की."

मी म्हटलं अगं सिनेमा आहे तो. पण ते डोक्यातून जाईना.

तेव्हापासून असा कुठलाही सिनेमा लागला की माझं लक्ष इमारतीकडेच जातं. १९८१ च्या पहिल्या भागात तर सुरुवातीलाच, सोन्याची मूर्ती उचलली रे उचलली की अख्खी वास्तू अंगावर यायला लागते. १९९९ च्या 'द ममी'मध्ये शहरच्या शहर वाळूत गडप. म्हणजे बघा, भूकंप, पाऊस, स्वाऱ्या सगळं सोसून हजारो वर्षं उभं राहिलेलं बांधकाम आपला हिरो आत शिरल्यावर वीस मिनिटं तग धरत नाही, आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यात इंडियाना जोन्स म्हणे आर्किऑलॉजीचा प्रोफेसर! वर्गात पोरांना काय शिकवत असेल देव जाणे.

त्या तिसऱ्या भागातलं देऊळ बाहेरून दिसतं तो सेट नाहीये, जॉर्डनमधल्या पेट्राचं अल खझना आहे, नबातियन नावाच्या तिथल्या प्राचीन लोकांनी डोंगराच्या कड्यात कोरलेलं. आत सिनेमात आहेत तसे बोगदे आणि फिरत्या करवती वगैरे काही नाही, साध्या खोल्या आहेत. पण खरी गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे. खझना म्हणजे खजिनाच, कारण दर्शनी भागावर उंच जो दगडी कलश कोरलाय त्यात धन दडवलंय अशी तिथल्या बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांची समजूत होती आणि तो फुटून सोनं खाली सांडावं म्हणून लोकांनी त्याच्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या, त्याच्या खुणा अजून आहेत. कलश भरीव निघाला, आत दगडच. आणि २००३ मध्ये समोरच्या जागेत खणलं तर थेट जमिनीखाली थडगी सापडली! सगळे वर नेम धरून बसले होते आणि जे होतं ते पायाखाली. हे कुणी सिनेमात का घेत नाही मला कळत नाही.

आता देऊळ पाडणारा हिरो फक्त पडद्यावरच असतो असंही नाही. हाइनरिक श्लीमान नावाचे गृहस्थ होऊन गेले, ग्रीक महाकाव्यातलं ट्रॉय शहर शोधायला तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीवर गेले आणि ट्रॉय खूप खाली असणार असं धरून टेकडीत मोठा चर मारत सुटले. १८७३ मध्ये सोनं सापडलं, ट्रॉयच्या प्रायम राजाचा खजिना म्हणून जगभर गाजावाजा झाला, आणि नंतर कळलं की ते सोनं प्रायमच्या काळाच्या हजारेक वर्षं आधीचं आहे. मग प्रायमच्या काळातलं ट्रॉय कुठे? त्यातलं बरंच काही वरच्या थरांसोबत साहेबांनी आधीच उपसून टाकलं होतं. बोंबला.

आणि दुसरीकडे हॉवर्ड कार्टर, हा इंग्रज उत्खनन करणारा. ४ नोव्हेंबर १९२२ ला इजिप्तमध्ये त्याला पहिली पायरी सापडली, खाली सील केलेलं दार दिसलं. आपण असतो तर रात्रीतच फोडलं असतं. या माणसाने पायऱ्या परत मातीने बुजवल्या, पैसे लावणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनना इंग्लंडला तार केली आणि ते येईपर्यंत जवळपास तीन आठवडे थांबला. तीन आठवडे! २६ तारखेला आतल्या दाराला भोक पाडून मेणबत्ती धरली तेव्हा तुतनखामेन या प्राचीन इजिप्तच्या राजाच्या थडग्यातलं सामान दिसलं. पुढे पाच हजारांवर वस्तू, प्रत्येकीला नंबर, जागच्या जागी फोटो, मगच हलवायची, यात दहा वर्षं गेली. (शापाचं म्हणाल तर कार्नार्व्हन १९२३ मध्ये डास चावलेली जागा चिघळून गेले त्यावर आजवर इतकं शिजवलं लोकांनी, पण दार उघडणारा कार्टर स्वतः १९३९ पर्यंत होता, शापाचा पत्ता चुकला बहुतेक.)

यावर तुमचे लेखक म्हणतील की नंबर टाकणं बघायला तिकीट कोण काढणार. मान्य, पण न पाडतासुद्धा थरार असतो की. चीनच्या पहिल्या सम्राटाचं बघा. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैनिक मिळाले, पण सम्राटाचं मुख्य थडगं आजही उघडलेलं नाही. सिमा चियान या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की आत आपोआप बाण सोडणारी धनुष्यं आहेत आणि पाऱ्याच्या नद्या आहेत, आणि तिथल्या मातीत पारा खरोखरच जास्त निघालाय. सापळे, विष, सम्राट, सगळं तयार, स्क्रिप्ट लिहायची पण गरज नाही! तरी लोक आत घुसत नाहीत, कारण बाहेर काढलेल्या सैनिकांच्या अंगावरचा रंग हवा लागताच सुकून गळून पडला, मग आतल्या वस्तूंचं काय होईल हीच भीती. दार माहीत आहे आणि उघडायचं नाही, बोला.

किंवा इंडियाना जोन्सच्या २०२३ च्या भागातली ती चकती घ्या. सिनेमात ती माणसांना भूतकाळात नेऊन सोडते. खरी वस्तू ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी १९०१ च्या सुमारास वर आणली, तेव्हा तो नुसता गंजलेला गोळा होता. पुढे त्यात दातेरी चाकं दिसली आणि शंभरेक वर्षांनी स्कॅन केल्यावर आतली बारीक अक्षरं वाचता आली, तेव्हा कळलं की दोन हजार वर्षांपूर्वी हे यंत्र ग्रहणं कधी होणार ते सांगायचं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं कुणी फेकून नाही दिलं.

तेव्हा साहेब, एकच विनंती. तुमच्याकडे सिनेमाच्या परीक्षणाखाली स्टार छापता, त्याच्या खाली अजून एक ओळ वाढवा, शेवटी वास्तू उभी राहते की पडते. भाचीचं म्हणणं पडली तर सरळ एक स्टार कापायचा. मी अर्ध्यावर तडजोड करून बघितली, ती ऐकत नाहीये.

आपला,
एक नियमित वाचक (आणि मामा)