येताना साडेचार तास कसे?

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार.

बाबा, केळीच्या विक्रीच्या पट्टीमागे तुम्ही केलेल्या हिशेबाचा फोटो पोचला. विमान मुंबईहून पहाटे 4:30 ला निघून दुबईत 6:15 ला, म्हणजे पावणेदोन तास. येताना रात्री 10 ला निघून 2:30 ला, म्हणजे साडेचार. खाली तुमचा प्रश्न: ‘वाटेत कुठं थांबतं का?’ ऑफिसात एकटीच हसत बसले.

थांबत नाही हो. तिकिटावर जिथली तिथली वेळ छापतात. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना हा दीड तास मिळवा, येताना वजा करा. जायला सव्वातीन तास, यायला तीन. येतानाच कमी लागतो, कारण वर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात तर जोरात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. सायकलवर मळ्यात जाताना तुम्ही त्याला किती शिव्या द्यायचात!

अंतर म्हणाल तर मुंबई-दुबई सरळ रेषेत सुमारे 1,930 किलोमीटर. भुसावळ-मुंबई साधारण 440, आणि त्याला गाडी सात-आठ तास घेते. त्यामुळे खरा प्रवास आपल्याच बाजूचा आहे. घर ते भुसावळ, रात्रीची गाडी, मग तीन तास आधी विमानतळावर हजर. एका दमात करू नका. आदल्या दिवशी डोंबिवलीला मावशीकडे उतरा, दुपारी झोप काढा. तिथून रात्री टॅक्सी मी इथून बुक करते.

आई, ‘व माय, एवढं दूर!’ हे तू म्हणू नयेस. मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालत पंढरपूर गाठलेली बाई तू. इथे तीन तास नुसतं बसायचंय. गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवते, लाजायचं नाही. विमान उतरताना कानांत दडे बसल्यासारखं होतं, तेव्हा गोड गोळी चघळ, आवंढा गिळत राहा.

एक मात्र नीट ऐक. काळ्या मसाल्यात या वेळी खसखस घालू नकोस. या देशात खसखशीला बंदी आहे, चिमूटभर सापडली तरी भानगड. तीळ-खोबऱ्याचं वाटण पुरे. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नको. आणि दोघांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट घ्या. कळण्याचं पीठ आणलंस तर फारच बरं. इथल्या वांग्याचं भरीत मी दोनदा करून पाहिलं. गॅसवर साल जळतं, आत वांगं कच्चंच. काड्यांवर भाजल्याचा वास कुठून यायचा?

बाबा, बाग सोडून कसं यायचं, हे तुम्ही म्हणणारच. केळीच्या कांदेबागेची लागण ऑक्टोबरात उरकली की डिसेंबरात पंधरा दिवस काका ठिबक बघतील. मी त्यांच्याशी बोललेय, तुम्हाला न विचारता. रागवा, पण नंतर. डिसेंबरात इथे हवाही बरी असते. उन्हाळ्यात बोलावलं असतं तर तुम्ही आपल्या मे महिन्याला चांगलं म्हणाला असतात.

रविवारी फोन करते. तोवर दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून त्यांची मुदत बघून ठेवा.

तुमची,
बेबी