डब्यातले मौन कोणी घडवले?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील दक्षिण आफ्रिकेच्या कथेवरचा लेख वाचला. कॅन थेंबा यांच्या ‘द ड्यूब ट्रेन’ या कथेची ओळख करून दिल्याबद्दल आभार. मात्र डब्यातल्या प्रवाशांना सरसकट भेकड ठरवून आणि मुंबईच्या लोकलचा दाखला देऊन लेखकाने विषय संपवला, हे पटले नाही.

ही गाडी सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या मजुरांना सोमवारी सकाळी जोहान्सबर्गला नेते आहे. एक गुंड पोरगा भर डब्यात एका तरुणीला छळतो, तिच्यावर हात उचलतो, आणि कोणी ब्रही काढत नाही. हे प्रवासी म्हणजे वर्णभेदी राजवटीतले असे कृष्णवर्णीय, की ज्यांचा पास, म्हणजे गाडीचा नव्हे तर सरकारने सक्तीचा केलेला ओळख-परवाना, जवळ नसला किंवा त्यावर मालकाची सही नसली, तर पोलीस त्यांनाच उचलत. दरवर्षी लाखो माणसांना पास कायद्याखाली पकडणाऱ्या या यंत्रणेकडे साक्षीदार म्हणून जायचे कोणी, आणि गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत त्याच टोळीसमोर बसायचे कसे? लोकलच्या गर्दीला हा प्रश्न पडत नाही.

तरीही थेंबा कायद्याकडे बोट दाखवून प्रवाशांची सुटका करत नाहीत. त्याच राजवटीत जगणारी एक बाई डब्यातल्या पुरुषांची खरडपट्टी काढते. आज हे इथे चालवून घेता, रात्री घरातही चालवून घ्याल, असे त्यांना सुनावते. अखेर एक धिप्पाड माणूस चाकूचा वार झेलून त्या पोराला धावत्या गाडीच्या खिडकीतून भिरकावून देतो. लेखातली कथा इथेच थांबते. मूळ कथेत मात्र यानंतर डब्याला वाचा फुटते, आणि हळहळ ना पोराची, ना त्या माणसाची. सकाळी सकाळी थरार पाहायला मिळाला, त्याचीच चवीने चर्चा. कथेतला सर्वांत क्रूर भाग माझ्या मते हाच आहे, आणि तो सांगणारा निवेदकही गप्प बसलेल्यांपैकीच एक आहे. हा भाग वगळला, की उरते एका बलदंड माणसाची शौर्यकथा.

‘ड्रम’ मासिकात पत्रकारिता केलेल्या थेंबा यांच्यावर १९६६ मध्ये सरकारने बंदी घातली. त्यांचा शब्द त्यांच्याच देशात छापता येईना. लेखात या बंदीचा उल्लेखही नाही. कथेचा अनुवाद देण्याचे पुरवणीने जाहीर केले आहेच. जागेसाठी कात्री लावावी लागली, तर ती निदान शेवटच्या परिच्छेदाला लावू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक