नोंदी कोणाच्या?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे; गुडघा अधूनमधून दुखतो, त्याविषयी एवढेच पुरे. जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावेसे वाटेना.

आमच्या विद्यापीठाचा भूजल प्रकल्प पुढे चालवावा की नाही, यासाठी परवा गावात बैठक होती. आमच्या विभागाने नकाशे दाखवले, आलेख समजावले. तेवढ्यात पाणी समितीतल्या एक बाई उठून म्हणाल्या, "विहिरींची पातळी आम्ही मोजून दिली, मग त्या नोंदी आमच्याकडे का नाहीत?" सभेत कोणालाच उत्तर देता आले नाही, आणि मला वसतिगृहाच्या गच्चीवरचे आपले भांडण आठवले.

प्रश्न लोकांनी आणायचा आणि विद्यापीठाने त्यावर संशोधन करायचे, हा तुझा हट्ट होता. त्यासाठी तू नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात सुरू झालेल्या 'विज्ञान दुकानां'चा दाखला द्यायचास, जिथे संशोधनाचा खर्च न परवडणाऱ्या नागरिक गटांसाठी विद्यापीठे काम करत. लोकांना निकड कळते, पण तिच्यामागचे कारण शोधायला अभ्यास लागतो, असे माझे म्हणणे होते आणि ते आजही आहे. गावाला नवी बोअर कुठे घ्यावी हे हवे आहे. पण एकूण उपसा पुनर्भरणापेक्षा, म्हणजे जमिनीत पुन्हा मुरणाऱ्या पाण्यापेक्षा, जास्त आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. मात्र त्याचा निष्कर्ष गावाने स्वतःच्या वहीतून पडताळल्याशिवाय तिथे कोणीही पंप एक तासही कमी चालवणार नाही, हे तुझे म्हणणे आता मला शब्दशः पटते.

काळजी पुढचीच आहे. पातळी घटली ती अपुऱ्या पावसाने की अतिउपशाने, हे सांगण्यासाठी त्याच विहिरी पावसाळ्याआधी आणि नंतर वर्षानुवर्षे मोजाव्या लागतात. विद्यार्थ्याचा प्रकल्प सत्रात संपतो आणि अनुदान तीन वर्षांत. सर अमेरिकेतले ते तीन कायदे पाठ करून घ्यायचे, आठवते? १८६२ला महाविद्यालयांसाठी जमीन, १८८७ला शेतीची प्रयोगकेंद्रे आणि १९१४ला विस्तारकार्य, म्हणजे ते ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम. महाविद्यालये आणि प्रयोगकेंद्रे उभी राहूनही तिसऱ्या कायद्याची गरज का पडली, ते मला या बैठकीत उमगले: लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या माणसांसाठी कायमचा निधी लागतो. आमच्याकडे ते काम एक तरुण प्राध्यापिका करते, गाव तिच्यावर विश्वास ठेवते, आणि बढतीच्या वेळी मात्र तिचे शोधनिबंध मोजले जातील, गावातल्या फेऱ्या नाहीत. ती यातून बाहेर पडली तर गावाशी होणारा करार कागदावरच राहील, या विचाराने मला झोप लागत नाही.

तुझी बदली झाल्याचे वहिनींकडून कळले. नवे घर लागले का? मुलीच्या निकालाबद्दल तिचे मनापासून अभिनंदन कर.

तुमच्या संस्थेने गावांशी केलेल्या कराराची प्रत शक्य तितक्या लवकर पाठव. नोंदींची मालकी कोणाची आणि प्रकल्प संपल्यावर मोजणीचा खर्च कोणी करायचा, ही दोन कलमे मला पुढच्या बैठकीआधी हवी आहेत. त्या बैठकीला तूही आलास तर फार बरे होईल.

तुझाच,
मित्र