इंधनबचत चालकाच्या पायात
महोदय,
इंधन महागले की आपण हताश होतो. पण रोजच्या प्रवासात किती इंधन जळेल, हे बऱ्याच अंशी चालकाच्या पायावर ठरते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय मला विशेष खटकते. फ्युएल इंजेक्शनच्या (इंजिनात इंधन मोजून फवारणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि इंधनपुरवठा बहुधा पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते, शिवाय गिअरमधले इंजिन गाडीचा वेग रोखून धरते, तो आधारही सुटतो, जे धोक्याचे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. टायरमधील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, प्रत्येकाने तपासावीच.
– एक वाचक