नंबिंग क्रीमचा डबा आधी बघा

संपादक महोदय,
माझ्या धाकट्या बहिणीने मांडीवर मोठा टॅटू काढायचं ठरवलं, दुखू नये म्हणून टॅटूवाल्याने नंबिंग क्रीमचा जाड थर लावून वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि तासभर तसंच ठेवलं, मग हिच्या ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, चक्कर, तेव्हा कुठे क्रीम पुसली. थोडक्यात निभावलं! डब्यावर औषधाचं प्रमाणच छापलेलं नव्हतं.

अशा क्रीममधलं बधिर करणारं औषध, लिडोकेन, रक्तात जास्त गेलं की फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) मार्च २०२४ मध्येच बजावलंय की प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या, ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेनच्या क्रीम वापरू नका, मोठ्या भागावर किंवा सोललेल्या कातडीवर थापू नका, वरून गुंडाळू नका. सुईने कातडीत रंग भरून आयब्रो, लिप कलर करताना तर सुई फिरल्यावर पुन्हा क्रीम लावतात, आणि उघड्या कातडीतून औषध भराभर आत जातं, हे किती जणींना माहितीये?

गरोदर असाल, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या अन्न व औषध प्रशासनाने हे बिनलेबलचे डबे तपासावेत, एवढीच कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे