जिमच्या बापाचा एप्रन

नाशिक, रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. ओंकारचं वाचून वाईट वाटलं. कॉलेजात मारामारी, घरी आल्यावर तोंडाला कुलूप, आणि तू काही विचारलंस की दार आपटून बाहेर. वहिनींची काय अवस्था झाली असेल ते लिहायला नको. पण तुझ्या एका वाक्यापाशी मी थबकलो. 'मागेल ते दिलं, सायकल मागितली सायकल, बाइक मागितली बाइक, मग ह्याला कमी काय पडलं?' हे वाक्य मी अगदी सायकलीसकट आधी ऐकलंय. लॉस एंजेलिसच्या एका पोलीस चौकीत, १९५५ सालच्या पिक्चरमध्ये. तिथे फक्त बाइकच्या जागी मोटार आहे.

'रिबेल विदाउट अ कॉज'. जेम्स डीनचं नाव तू ऐकलं असशीलच, लाल जाकीट घातलेलं पोस्टरही कुठेतरी पाहिलं असशील. मीही बरीच वर्षं पोस्टरच ओळखत होतो. गेल्या महिन्यात लेकीबरोबर, गायत्रीबरोबर बसून पिक्चर दुसऱ्यांदा पाहिला आणि आता डोक्यातून जात नाही. म्हणून तुझ्या पत्राच्या उत्तरात पिक्चरच सांगतो. तुला वाटेल मी विषय टाळतोय. शेवटपर्यंत वाच.

सगळी गोष्ट जेमतेम एका दिवसात घडते. मध्यरात्र उलटून गेलीये, आणि तीन पोरं एकाच चौकीत येऊन पडलीयेत. एकमेकांशी धड ओळख नाही. जिम, म्हणजे जेम्स डीन, दारू पिऊन रस्त्यावर आडवा झालेला, एका खेळण्यातल्या माकडाला कागदाचं पांघरूण घालत बसलेला. ज्यूडी अपरात्री एकटी भटकताना सापडलेली. आणि प्लेटो, सगळ्यांत लहान, त्याने कुत्र्याच्या पिल्लांवर गोळ्या झाडल्यात. तो थंडीने कुडकुडतोय, जिम आपला कोट पुढे करतो, प्लेटो घेत नाही. पहिल्यांदा पाहताना ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती.

तिथेच जिमचे आईबाप आणि आजी येतात आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकांशीच भांडायला लागतात. बाप म्हणतो, अरे तुला सगळं तर घेऊन दिलं. पोरगा त्यावर एवढंच म्हणतो की हो, वस्तू खूप घेता तुम्ही. पुढे तो जिवाच्या आकांताने ओरडतो, तो प्रसंग जगभर गाजला. मला विचारशील तर ओरडण्यापेक्षा हे आधीचं बोलणं जास्त लागतं.

आता मुख्य गोष्ट. नव्या शाळेतला पहिलाच दिवस. टोळीचा म्होरक्या बझ जिमला भित्रा म्हणतो, तारांगणाच्या बाहेर चाकू निघतात, आणि रात्री कड्यावर शर्यत ठरते. दोघांनी चोरीच्या मोटारी सुसाट कड्याकडे सोडायच्या, जो आधी उडी मारेल तो भेकड. जिम घरी येतो. वर जिन्यापाशी कुणीतरी गुडघ्यावर बसून सांडलेलं जेवण गोळा करतंय. त्याला आधी वाटतं आईच आहे. असतो बाप, सुटावर झालरीचा पिवळा एप्रन बांधलेला. आईसाठी ताट वर नेत होता, हातातून पडलं, आणि तिला कळायच्या आत आवरायची घाई चाललीये. जिम म्हणतो, राहू दे, पाहू दे तिला. त्याला धरून उभं करू बघतो. बाप ओशाळं हसतो.

पिक्चरचं म्हणणं सरळ आहे. बाप बायकोच्या धाकातला, एप्रनवाला, म्हणून पोरगा बिघडला. हे मला मुळीच पटत नाही. ही त्या काळातल्या अमेरिकेची खुळी समजूत. मी रोज सकाळी पोळ्या लाटतो हे तुला माहीत आहे, त्याने गायत्रीचं काय वाकडं झालं? आईवरही अन्याय केलाय. तिला एकही मऊ क्षण दिलेला नाही, नुसती कातावलेली बाई. लेखक आणि दिग्दर्शक निकोलस रे बापांच्या बाबतीत जेवढे कनवाळू, तेवढेच आयांच्या बाबतीत कंजूष.

पण एप्रन विसर आणि त्यानंतरचं बघ. जिम विचारतो की समजा इज्जतीचा प्रश्न आहे, जायचं की नाही? त्याला आत्ता, या घटकेला, हो किंवा नाही हवंय. आणि बाप म्हणतो, घाई करू नये, कागद घे, दोन्ही बाजूंची यादी करू, चार लोकांचा सल्ला घेऊ. वर आणि, दहा वर्षांनी तुलाच यावर हसू येईल. मिलिंद, यात एक शब्द वाईट नाही. आपण ऑफिसात रोज असंच बोलतो. पण पोरगा गेला ना निघून! 'जाऊ नकोस, मी जाऊ देणार नाही' असं बाप म्हणाला असता तर जिम चिडला असता, कदाचित थांबलाही असता. बंडखोर म्हणून पोस्टरवर चढवलेलं हे पोर अख्ख्या पिक्चरभर कुणीतरी अडवावं म्हणून वाट बघतंय.

शर्यत सुरू व्हायच्या आधी बझ आणि जिम दोघेच काठावर उभे राहून खाली बघतात. बझ म्हणतो, तू मला आवडतोस. जिम विचारतो, मग हे आपण कशाला करतोय? बझ म्हणतो, काहीतरी करायला तर हवं. या दोघांची चांगली दोस्ती झाली असती. पाच मिनिटांत बझच्या जाकिटाची बाही दाराच्या मुठीत अडकते, त्याला उडी मारता येत नाही.

आणि त्यानंतर पोलिसांत जाऊन सगळं सांगायचं कोण म्हणतं? जिमच. आई म्हणते, हे गाव सोडू. बाप म्हणतो, बाकीची पोरं जातायत का सांगायला? मग तू एकटा कशाला गळ्यात घेतोस? हा प्रसंग जिन्यावर आहे, आई वर, बाप खाली, जिम मधे. त्याच्या जरा आधी जिम कोचावर डोकं खाली टाकून लोळतोय, आणि आई जिना उतरते ती आपल्यालाही उलटी दिसते, मग कॅमेरा फिरून सरळ होतो. घरातलं कुणी बरोबर बोलतच नाहीये, तर चित्र सरळ कशाला असावं? जिम अखेर एकटाच चौकीत जातो. रे नावाचा एक अधिकारी त्याला म्हणाला होता, कधीही ये, रात्री-अपरात्री ये. तो नेमका जागेवर नसतो. बाकीच्यांना वेळ नाही.

थोडं पिक्चरच्या बाहेरचं सांगतो, तुला असलं आवडतं. सुरुवातीचे काही दिवस शूटिंग कृष्णधवल झालं, मग वॉर्नर ब्रदर्सने रंगीत करायला लावलं. नाहीतर ते लाल जाकीट राखाडीच राहिलं असतं. डीन तेव्हा २४ वर्षांचा, ज्यूडी झालेली नॅटली वूड आणि प्लेटो झालेला सॅल मिनिओ मात्र खरोखर सोळा. ३० सप्टेंबर १९५५ ला डीन स्वतःच्या पोर्शमध्ये अपघातात गेला, पिक्चर लागला ऑक्टोबरच्या शेवटी. पडद्यावर मोटारींची जीवघेणी शर्यत, आणि बघणाऱ्यांना ठाऊक की हा पोरगा मोटारीतच गेला. ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरने कात्री लावून वर 'एक्स' प्रमाणपत्र दिलं, म्हणजे सोळाच्या आतल्यांना बंदी. ज्यांची गोष्ट, त्यांनीच बघायची नाही!

गायत्रीने पहिला अर्धा तास डीनची टिंगल केली. 'बाबा, हा एवढा काय विव्हळतोय?' मग तिघं त्या रिकाम्या बंगल्यात घुसून घर-घर खेळायला लागतात तिथे गप्प झाली. जिम आणि ज्यूडी नवं जोडपं, प्लेटो त्यांना बंगला दाखवणारा दलाल. पोराबाळांचा विषय निघतो तेव्हा जिम एक म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणतो, कुत्र्याच्या पिल्लांसारखी बुडवून टाका. तो आवाज कार्टूनमधल्या मिस्टर मगूचा. आणि मगूला आवाज देणारा नट कोण, तर जिम बॅकस, म्हणजे पडद्यावरचा जिमचा बाप! शिवाय समोर प्लेटो, पिल्लं मारून आलेला. हसावं की नाही कळत नाही.

प्लेटोबद्दल गायत्री म्हणाली, 'त्याला जिम आवडतो, तुझ्या लक्षात नाही आलं?' शाळेतल्या लॉकरमध्ये त्याने अॅलन लॅड या नटाचा फोटो लावलाय, जिमकडे बघताना डोळे लकाकतात. त्या वेळी हॉलिवूडच्या आचारसंहितेत हे उघड म्हणायची सोय नव्हती, म्हणून सगळं नजरेत ठेवलंय. मिनिओने ते कसं केलंय बघ, ऑस्करचं नामांकन उगाच नाही मिळालं. त्याला सांभाळते ती घरची मोलकरीण, आईबाप एकदाही दिसत नाहीत.

शेवट मला कच्चा वाटतो. प्लेटो पिस्तूल घेऊन तारांगणात लपतो. जिम त्याला आपलं जाकीट देतो, या वेळी तो घेतो. जिम पिस्तुलातल्या गोळ्या हळूच काढून घेतो, त्याला समजावून बाहेर आणतो. पोलीस झोत टाकतात, पोरगा बिथरतो, पोलिसांची गोळी सुटते. 'गोळ्या माझ्याकडे आहेत' असं जिम ओरडतो तोवर उशीर झालेला. इथपर्यंत काटा येतो. पण लगेच बाप जिमच्या अंगावर कोट घालतो, तुला हवा तेवढा खंबीर व्हायचा प्रयत्न करीन म्हणतो, आईबाप एकमेकांकडे बघून हसतात, झालं गोडगोड. शेजारी एक पोर मेलंय, त्याला सांभाळणारी बाई रडतेय, आणि यांचं घर सावरलं! मला त्या बाईबरोबर थांबायचं होतं, पिक्चर थांबत नाही.

तर ओंकार. त्याला समोर बसवून 'बघ, यातून शीक' म्हणून दाखवू नकोस, तो उठून जाईल आणि बरोबरच करेल. आधी तू आणि वहिनी बघा. मारामारी कशावरून झाली हे तुझ्या चार पानी पत्रात कुठेच नाही. विचारलं होतंस का? तो काही सांगत असेल आणि तू यादी करत असशील, तर यादी ठेव बाजूला.

गायत्री म्हणते ओंकारदादाला सुट्टीत इकडे पाठवा, तिला बाइक शिकायचीये. मला ही कल्पना धोक्याची वाटते, पण माझं घरात कोण ऐकतं. येणार असेल तर गाडी कळव, स्टेशनवर जातो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत