दाराची साखळी

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

चि. रेवतीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. पहिल्यांदा छापून आला त्याच शनिवारी, बँकेच्या जिन्यात उभं राहून. मग घरी येऊन दोनदा. लिहिलंयस चांगलं. फक्त खाली पूर्ण नाव, आडनाव आणि वर ‘सध्या बंगळुरू’ एवढं कशाला लिहायचं? बरं, ते झालं ते झालं. या पत्रात भीतीचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

पंधरा नोव्हेंबरलाच, नथुरामला फाशी झाली त्या दिवशीच, तो छापून यावा हे तू ठरवून केलंस का, हे आई विचारतेय. मला विचारायची गरज वाटली नाही. त्या तारखेला आपल्या घरी काय असतं हे तू चोवीस वर्षं बघितलंयस.

अप्पांपर्यंत पोहोचला. भाऊकाकाने ग्रुपवर टाकला, दुसरं कोण. अप्पांना हल्ली मोबाईलवरचं दिसत नाही, मला म्हणाले वाच. मी वाचायला लागलो. तू लिहिलंयस ना, ‘आमच्या घरात गांधींच्या खुनाला खून म्हणत नसत, वध म्हणत’. तिथे आलो आणि माझ्या तोंडून निघालं, ‘गांधींच्या वधाला’. अठ्ठावन्न वर्षांची जीभ, तिला वळणच तसं. अप्पा म्हणाले, “तिनं असं लिहिलं नसणार. आहे ते वाच.” मग वाचलं. त्या घरात तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला आणि तोसुद्धा तुझा वाचून दाखवताना.

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग एवढंच विचारलं, “पाटलीणबाईंचं लिहिलंय का?” मी नाही म्हटलं. तुला कुठून माहीत असणार, मलाही आत्यानेच सांगितलं होतं. गांधी गेल्यावर अठ्ठेचाळीस साली ब्राह्मणांची घरं जाळली, त्या जळिताच्या रात्री पाटलीणबाईंनी चारही पोरांना कडब्याच्या गंजीमागे झाकून ठेवलं आणि पहाटे ताक-भाकरी दिली. अप्पा तेव्हा अकरा वर्षांचे. वाडा, धान्य, आजोबांच्या पोथ्या, सगळं गेलं. जाळणारे चुकलेच, त्यात मी तुझं ऐकून घेणार नाही. पण दिल्लीत ज्याने गोळ्या झाडल्या त्याच्यापायी आपल्या घराला काडी लागली, हा हिशोब अप्पांनी कधी मांडलाच नाही. उलट त्याचाच फोटो भिंतीवर लावला. १९६४ ला नथुरामचे भाऊ गोपाळराव तुरुंगातून सुटून आले तेव्हा पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली, तिला आपण होतो हे ते अजून अभिमानाने सांगतात.

देवघरातला तो पितळेचा गोळा आठवतो? लहानपणी तुला तो गणपती वाटायचा. जळितात आमची तांब्या-फुलपात्री वितळून झालेला. दर दिवाळीला मी तो चिंचेने घासायचो. एका बाजूला फुलपात्राची कड अजून दिसते, तिथे बोट नेमकं बसतं.

पाचवीत असताना अप्पा मला नथुरामच्या अस्थिकलशाच्या दर्शनाला घेऊन गेले. मृत्युपत्र वाचलं, अस्थी सिंधूत विसर्जित करायच्या. मला वाटलं सिंधू म्हणजे संगमाच्या पुढे कुठेतरी असेल, सायकलने जाता येईल. शपथ घेताना मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

पुढे मी त्या दर्शनाला जायचा थांबलो. पण भांडून नाही, गं. ऑडिट आहे, पाय दुखतोय, असं काहीतरी सांगून. तू बाहेर पडलीस. मी वीस-पंचवीस वर्षं नुसत्या रजा टाकल्या.

आणि २०१३ चा ऑगस्ट. तुला वाटतं मी ते पाहिलं नाही. टीव्हीवर दाभोलकरांच्या खुनाची बातमी आली, अप्पा “बरं झालं” म्हणाले आणि चहा मागितला. तू बारा वर्षांची, दप्तर अडकवून दारात उभी. माझ्याकडे बघितलंस. मी साखरेचा डबा शोधत राहिलो. त्यांना गोळ्या घातल्या त्या ओंकारेश्वराच्या पुलावरून रोज सकाळी जाताना मला ते आठवतं. गेल्या वर्षी निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. मी पेपर घडी घालून ठेवला, घरात कुणी विषय काढला नाही.

म्हणून म्हणतो, नाव लिहू नकोस. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना काय कमी समजतात? आणि राहायला राजराजेश्वरीनगरच मिळालं तुला! पत्रकार गौरी लंकेशना तिथेच, घराच्या दारात गाठून मारलं होतं, रात्री घरी परतताना. मला माहीत आहे, भाडं परवडतं, ऑफिस जवळ आहे. पण रात्री येताना रिक्षा सोडू नकोस, कुलूप उघडेपर्यंत थांबायला सांग. रोज त्याच वेळेला, त्याच रस्त्याने जायचं नाही. पुन्हा सुरू झालो मी. माफ कर. तू अजून काही एवढी मोठी लेखिका नाहीस, असं आई म्हणते, आणि असं म्हणून स्वतःच रात्री दोन वाजता उठून बसते.

अप्पा विरघळले असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी तुझा पदवीदानाचा फोटो हॉलमधून काढायला लावला. मी काढला. आमच्या खोलीत लावलाय. त्यांना खोकला आहे, छातीत कफ. भेटायला ये असं म्हणत नाही, तुझं तू ठरव.

तुझा लेख मी बँकेत छापून घेतला. कुलकर्णी मॅडमनी मागितला वाचायला, दिला. “मुलगी आहे माझी,” म्हटलं.

पार्सल पाठवलंय. मेतकूट, आईने केलेल्या शेवया आणि दाराला आतून लावायची साखळी. स्क्रू चार लागतात, एक जास्तीचा टाकलाय. भिंत भुसभुशीत असली तर सुताराला आधी लाकडी गुट्टी ठोकायला सांग. बसवली की फोटो पाठव.

तुझा,
बाबा